मुका कारखाना

१

रविवारी प्रेरणाच्या पार्लरात खरं तर सगळ्यात जास्त गर्दी असायची. पण सोमेश गेल्यापासून तिनं रविवार आईला देऊन टाकला होता. प्रेमानं नव्हे, रागानं. सकाळी राजारामपुरीतून निघायचं, इचलकरंजीची एसटी धरायची, कबनूरला उतरायचं, आईच्या गोळ्या आणि भाजी ओट्यावर आपटायची आणि एक शब्द न बोलता कामाला लागायचं. आईला एकटीला टाकलं तर लोक नावं ठेवतील म्हणून ती येत नव्हती. आपण आलो नाही तर आईला सगळं विसरायला मोकळीक मिळेल, म्हणून येत होती.

घर आणि कारखाना एकाच छपराखाली. स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून दोन पायऱ्या उतरलं की थेट यंत्रमागांत. बाळाप्पांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, तो उभा केला तेव्हा थोरला गुरुपाद रांगत होता. मग प्रेरणा झाली, मग धाकटा सोमेश. तिघंही त्या खटखटाटात वाढली. माग चालू असताना बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून कारखान्यातली माणसं घशाला ताण न देता नुसते ओठ हलवतात आणि समोरचा ते वाचतो. ही तीन पोरं बोलायला शिकायच्या आधी ओठ वाचायला शिकली. आई, गौराबाई, तर त्यात वस्ताद. मागांनी तिचे कान अर्धे खाल्ले होते, पण गल्लीच्या पल्याड दोन बायका कुजबुजल्या तरी हिला इकडं कळायचं.

बाळाप्पा मृत्युपत्र न करता वारले आणि घरात आग लागली. गुरुपाद म्हणायचा, दहावीपासून या मागांवर हाडं मी झिजवली, कारखाना माझा. इंजिनिअर होऊन आलेला सोमेश म्हणायचा, निम्मा माझा, मधी भिंत घाला नाहीतर विका. प्रेरणाचाही कायद्यानं वाटा होता. त्या एका बाबतीत मात्र दोघा भावांचं एकमत होतं. तिनं हक्कसोडपत्रावर सही करून मोकळं व्हावं.

मग गेल्या वर्षीची नागपंचमी. कामगार सुट्टीवर, गुरुपादची बायको पोरांना घेऊन माहेरी. दुपारी प्रेरणाला सोमेशचा फोन आला. मागांच्या आवाजातून तो ओरडून बोलत होता, "आक्का, दादा कारखान्यात आलाय. कामगार न्हाईत तरी सगळे माग चालू केल्यात त्यानं. सही कर म्हणतोय. जरा वेळानं करतो फोन." तो फोन पुन्हा आला नाही. लोखंडी पट्टीनं डोकं फुटलेला सोमेश भिंतीकडच्या मागाखाली सापडला. गुरुपादच्या शर्टावर रक्त होतं. भावाला उचलताना लागलं, मी नंतर आलो, असं तो म्हणाला. आईनं जबाब दिला, त्या वेळी मी मठात गेले होते.

गुरुपादला अटक झाली, त्याची बायको माहेरीच राहिली आणि पुढं वकिलापायी माग भंगारात गेले. आता कारखान्यात नुसती लांबलचक फरशी होती आणि तिच्यात माग जिथं बसवले होते तिथले बोल्ट. पाण्याच्या मोटारीचं बटण तेवढं पलीकडच्या भिंतीवर राहिलं होतं. म्हणून दर रविवारी प्रेरणाला तिथं उतरावं लागायचं.

त्या रविवारी तिच्या हातात पत्र्याची बादली होती. बटण दाबताना ती सुटली. फरशीवर आपटली, कलंडली, गडगडत बोल्टाला जाऊन धडकली.

आवाज झाला नाही.

प्रेरणानं बादलीकडं पाहिलं. ती अजून डुलत होती. तिनं ती उचलली, पुन्हा वरून सोडली. बादलीचा काठ चेपला. आवाज नाही. ती म्हणाली, "आयला." घशात शब्द थरथरला, जीभ टाळूला लागली, पण तिच्या कानापर्यंत काहीच आलं नाही. लहानपणी इथं उभं राहून ओरडलं की जसं व्हायचं, अगदी तसं. फरक एवढाच, की तेव्हा वर मागांचा आवाज असायचा.

आणि तळपायाखाली फरशी थरथरत होती. माग चालू असल्यासारखी.

२

प्रेरणा भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नव्हती. नवरीच्या अंगावरची हळद उतरवताना बायका काय काय सांगतात, ते हसत ऐकायची आणि विसरायची. तिनं स्वतःला समजावलं. फरशी थरथरते, कारण शेजारच्या कारखान्यातले माग चालू आहेत. एकच भिंत आहे मधी. आणि ऐकू येत नाही, कारण आपले कान जायला लागलेत. आईचे गेले, आपलेही जाणार.

कोल्हापुरात तिनं कानाच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी काचेच्या खोलीत बसवून कानाला यंत्र लावलं, बारीक मोठे आवाज ऐकवले. शेवटी म्हणाले, "कान पोरासोरांसारखे आहेत तुमचे. टेन्शन आहे का काही घरी?"

"एक भाऊ मेलाय," ती म्हणाली. "दुसऱ्यानं मारलाय."

डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. तिनं त्या घेतल्या नाहीत. तिला झोप येत नव्हती असं नाही, राग येत होता. रागावर गोळी नसते.

पुढच्या रविवारी ती मोबाइल घेऊन उतरली. स्वयंपाकघरात गाणं लावलं, आवाज पूर्ण वाढवला आणि पायऱ्या उतरली. पहिल्या पायरीवर गाणं होतं. दुसऱ्या पायरीवर ते कुणी तळवा ठेवून दाबल्यासारखं झालं. फरशीवर पाय टेकला आणि गाणं गेलं. स्क्रीनवर मात्र ते पुढं सरकत होतं. तिनं मोबाइल कानाला घट्ट लावला. गालाच्या हाडाला तो गुणगुणताना लागत होता. ऐकू काहीच नाही.

ती मधोमध उभी राहिली. वरच्या तावदानांतून उन्हाचे पट्टे आले होते, त्यांत धूळ तरंगत होती. धूळ सरळ खाली येत नव्हती. ठरावीक अंतरानं हिसका बसल्यासारखी इकडून तिकडं जात होती, मागात सुताचा धोटा जातो तशी.

तिला भीती वाटायला हवी होती, पण वाटला संताप. त्या दुपारी इथंच सोमेश ओरडला असणार. आई घरात नव्हती, शेजारी ऐकायला कुणी नाही आणि माग मुद्दाम चालू केलेले. त्याचा आवाज असाच घशात मेला असणार. ही जागा अजून तेच करत होती. एवढ्या महिन्यांनी, माग विकून टाकल्यावरसुद्धा.

ती वर आली. आई परातीत पीठ मळत होती.

"आई, कारखान्यात ऐकू येत नाही."

गौराबाईनं तिच्या ओठांकडं पाहिलं. मग पुन्हा परातीत पाहिलं. "मला कुठंच येत न्हाई," ती म्हणाली. "तू मोटार बंद केलीस का तेवढं सांग."

३

गुरुपादला जामीन झाला. ते प्रेरणाला आईनं सांगितलं नाही, वकिलानं सांगितलं नाही. घराच्या उंबऱ्यासमोर अण्णांची पांढरी गाडी उभी दिसली तेव्हा कळलं.

अण्णा म्हणजे तिचे चुलते. शिरोळला त्यांचा ऊस आणि सगळ्या भावकीत शेवटचा शब्द त्यांचा. लग्न ठरवायचं असो, वाटणी करायची असो नाहीतर मयताला खांदा कुणी द्यायचा हे ठरवायचं असो, अण्णा आल्याशिवाय पान हलायचं नाही. ते बाहेरच्या सोप्यात खुर्चीवर बसले होते. गुरुपाद खाली चटईवर. वाळला होता. दाढी पांढरी झाली होती. त्याला पाहून तिला दया आली आणि दया आली याचाच तिला राग आला.

"साक्षीदाराला भेटायचं न्हाई, अशी अट हाय ना जामिनाला?" ती अण्णांना म्हणाली. गुरुपादकडं तिनं बघितलंच नाही.

"तो साक्षीदाराला भेटाय आला न्हाई," अण्णा शांतपणे म्हणाले. "आईला भेटाय आलाय. तूच मधी आलीयास. बस."

ती बसली नाही.

"उद्या तुझी साक्ष हाय," अण्णा म्हणाले. "खोटं बोल म्हणून मी कुणाला सांगणार न्हाई. एवढंच म्हणायचं, की फोन आलता, पण मागांच्या आवाजात नीट ऐकू आलं न्हाई. दादा आलाय म्हणाला का दादा गेलाय म्हणाला, कळलं न्हाई. झालं."

"मला कळलं होतं."

"अगं, एक गेला. आता दुसऱ्याला बी घालवून तुला काय मिळणार हाय? ह्या म्हातारीच्या तोंडात पाणी कोण घालणार? तुझा वाटा तुला देतोय की गुरुपाद. सही करायचं नावसुद्धा काढणार न्हाई कोण."

प्रेरणा हसली. ते हसू तिचं तिलाच वाईट वाटलं. "सोमू जिवंत होता तवा मला वाटा नव्हता. आता तो मेलाय तर मला वाटा आला. त्याचं रक्त लावून मला वाटा देताय व्हय अण्णा?"

गुरुपाद पहिल्यांदा बोलला. "प्रेरू, मी त्याला पोरासारखा वाढवलाय."

"तोंड वर करून बोल माझ्याशी."

त्यानं तोंड वर केलं नाही. आई दारात उभी होती. तिनं अण्णांचे ओठ वाचले, गुरुपादचे वाचले, मुलीचे वाचले. पदराचं टोक तिनं बोटाला इतकं घट्ट गुंडाळलं होतं, की बोटाचं टोक काळंनिळं पडलं होतं.

"मी चहा टाकते," प्रेरणा म्हणाली आणि आत गेली. चहा कुणासाठी टाकायचा नव्हता. तिला फक्त त्या सोप्यातून बाहेर पडायचं होतं.

४

शेगडीच्या दुसऱ्या बाजूला आईनं डाळीचा कुकर चढवला होता. प्रेरणानं पातेलं ठेवलं आणि ओट्याला टेकून उभी राहिली. हात थरथरत होते. ते थांबावेत म्हणून तिनं ओटा धरला. मग लक्षात आलं, की ओटाच थरथरतोय.

कुकरची शिटी उचलली गेली. वाफेचा फवारा छताकडं गेला, भिंतीवर पाणी धरलं. शिटी वर नाचत होती, थडथडत होती, आणि स्वयंपाकघरात कापूस कोंबल्यासारखी शांतता होती.

तिनं पातेल्यावर चमचा मारला. काही नाही. टाळी वाजवली. तळवे झणझणले, बस्स. सोप्यात अण्णांचा घोगरा आवाज चालू असणार, तो इथं पोचत नव्हता. पायऱ्यांच्या खालचं जे होतं, ते वर आलं होतं.

तिनं मागच्या दाराकडं पाहिलं. आई तिथं आली होती. प्रेरणाकडं पाठ करून, कारखान्याच्या दाराच्या चौकटीला धरून ती खाली अंधूक उजेडात पाहत होती. गौराबाईचा चेहरा बाजूनं दिसत होता. तिचे ओठ हलत होते. आई जपाला बसली की असे ओठ हलवायची, म्हणून प्रेरणानं आधी तिकडं लक्ष दिलं नाही. पण लहानपणापासूनची सवय, डोळे आपोआप वाचू लागले.

"गप," आई म्हणत होती. "गप, सोमू. लोकं हाईत घरात. गप की बाळा."

प्रेरणा सावकाश तिच्यामागं गेली. आईच्या खांद्यावरून तिनं खाली पाहिलं. फरशी, बोल्ट, उन्हाचे पट्टे. कुणी नव्हतं. आई मात्र मोकळ्या कारखान्यात सगळीकडं पाहत नव्हती. ती एकाच जागी बघत होती. भिंतीकडं, जमिनीपासून हातभर उंचीवर. पडलेल्या माणसाचं तोंड जिथं असेल तिथं.

तिनं आईच्या खांद्याला हात लावला. गौराबाई दचकली, वळली आणि तिचा चेहरा एका क्षणात रोजचा झाला. प्रेरणाला बाजूला सारून तिनं शेगडी बंद केली. शिटी खाली बसली.

एवढ्या वर्षांचा अनुभव सांगत होता, की पोर गेलेल्या बाया अशाच बोलतात. भिंतीशी बोलतात, फोटोशी बोलतात. प्रेरणाला ते पटलंही. फक्त एक गोष्ट तिच्या डोक्यातून जाईना. मेलेल्या पोराला आई ये म्हणते, कुठं गेलास म्हणते, जेवलास का म्हणते.

गप का म्हणेल?

५

चहा पिऊन झाला. आईनं टाकीतलं पाणी संपल्याचं सांगितलं.

प्रेरणा उठता उठता थांबली. तिच्या मनात जे आलं ते चांगलं नव्हतं, हे तिला माहीत होतं. "दादा," ती म्हणाली. त्या दिवसातली तिनं त्याला मारलेली ती पहिली हाक. "मोटार चालू करून ये."

गुरुपादनं मान वर केली. तो घटनेनंतर कारखान्यात उतरला नव्हता, हे सगळ्यांनाच कळलं. "मला बटण कुठं हाय म्हाईत न्हाई," तो म्हणाला.

"जिथं होतं तिथंच हाय. तूच बसवलंयस."

"जा की रे," अण्णा वैतागले. "पाण्याची मोटार चालू करायला बी वकील लागतोय काय तुला?"

तो गेला. तिघं बसून राहिले. मोटार चालू झाली, की मोरीतला पाइप आधी खोकल्यासारखा करायचा आणि मग धार लागायची. पाइप खोकला नाही. अण्णांनी घड्याळ बघितलं. अडकित्त्यानं सुपारी कातरली, तोंडात टाकली, चघळून संपवली. तरी पाइप कोरडाच.

"बघते," प्रेरणा म्हणाली.

स्वयंपाकघरात शिरताच आवाज गेला. आता तिला त्याचं नवल राहिलं नव्हतं. ती पायऱ्या उतरली. तळपायांत थरथर चढत पोटरीपर्यंत आली.

गुरुपाद बटणापाशी नव्हता. भिंतीकडच्या मागाच्या जागी, चार बोल्टांच्या मधोमध उभा होता. पाठ भिंतीला लागलेली. तोंड तिच्याकडं, पण तो तिला बघत नव्हता. त्याची नजर तिच्या खांद्यावरून मागं, दाराकडं लागली होती.

त्याच्या शर्टाची उजवी बाही खाली ओढली गेली होती. मनगटाजवळ कापडाला मुठीत धरल्यासारख्या चुण्या पडल्या होत्या. आपण खाली पडल्यावर उठण्यासाठी कुणाची तरी बाही धरावी, तशा. गुरुपादचा हात त्या ओढीनं खाली झुकला होता. चुण्या सुटत नव्हत्या.

त्याचे ओठ हलत होते. डोळे कोरडे, चेहरा लाकडासारखा, आणि ओठ तेवढे भराभर चालत होते, जणू ते त्याचे नव्हतेच.

"दादा, बास," ते ओठ म्हणाले. "दादा, करतो सही. बास की दादा."

गुरुपाद घरात सगळ्यांत थोरला. त्याला दादा म्हणणारे दोघंच. जन्मात त्यानं स्वतः कुणाला दादा म्हटलेलं नव्हतं.

"दादा, बास." मग ते ओठ थांबले. त्याची नजर दारावर खिळली होती. ओठ पुन्हा हलले, या वेळी सावकाश, समोरच्याला नक्की वाचता यावं असे.

"आई. दार लावू नगंस. आई, दार..."

प्रेरणा गर्रकन वळली.

वर दारात गौराबाई उभी होती. तिनं वाचलं होतं. तिच्याहून चांगलं वाचणारं त्या घरात कुणी नव्हतं. तिची नजर मुलावर नव्हती, मुलीवर नव्हती. भिंतीशी, हातभर उंचीवर होती. तिचा उजवा हात दाराच्या फळीवर होता आणि तो हात फळी ओढत होता. घाईनं नव्हे. दुपारी ऊन आत येऊ नये म्हणून बाई दार ओढून घेते, तसा.

दार अर्धं आलं. उजेडाचा पट्टा फरशीवरून आखडत प्रेरणाच्या पायाशी आला. ती धावली. पायऱ्यांवर गुडघा फुटला, ते तिला नंतर कळलं. तिनं फळीच्या फटीत दंड घातला. फळी दंडावर आवळली गेली. फटीतून तिला आईचा चेहरा एका वितीवर दिसला, आणि आईचे ओठ.

"गप. भांडून झालं की उघडते. गप."

प्रेरणानं खांदा लावून दार ढकललं.

६

सोप्यात येईपर्यंत तिनं आईचं मनगट सोडलं नाही. अण्णा खुर्चीतून उठले. रस्त्यावरून कुठल्याशा टेम्पोचा हॉर्न ऐकू आला आणि आवाज परत आल्याचं तिला कळलं.

"त्या दिवशी तू मठात नव्हतीस," ती म्हणाली. "घरात होतीस. दारात आलीस. बघितलंस. आन् दार लावून घेतलंस."

"काय बोलतीस तू?" अण्णा म्हणाले.

"तिला विचारा."

गौराबाईनं तोंड उघडलं. ओठ हलले, पण आवाज निघाला नाही. दिवसाउजेडी, उघड्या सोप्यात, रस्ता वाजत असताना, म्हाताऱ्या बाईचा घसा हलत होता आणि शब्द येत नव्हता. अण्णा दोन पावलं मागं सरले.

"बघ, बोलवंना झालंय तिला," ते म्हणाले. त्यांचा स्वर बदलला होता. "पाणी द्या कुणीतरी."

"बोलतीय ती," प्रेरणा म्हणाली. "मला कळतंय. ती म्हणतीय, मला ऐकू आलं न्हाई." ती आईकडं वळली. "तुला ऐकायची काय गरज? तू वाचलंस. तो तुझ्याकडं तोंड करून दार लावू नगंस म्हणत होता."

मागं पावलं वाजली. गुरुपाद स्वयंपाकघरातून बाहेर आला होता, तिचं शेवटचं वाक्य त्यानं ऐकलं होतं. भिंतीला धरून. चेहऱ्यावर नुकतं झोपेतून उठल्यासारखं काहीतरी होतं. उजव्या बाहीवर चुण्या तशाच होत्या.

"मोटार चालू होईना," तो म्हणाला.

आपण आत काय बोललो, हे त्याला माहीत नव्हतं. प्रेरणाला ते लख्ख दिसलं. माहीत असतं तर त्यानं पुढचं तोंडातून काढलं नसतं. त्यानं बहिणीचा चेहरा बघितला, आईचा बघितला, आणि सहज, चोरून ठेवलेली वस्तू कुणी हातात घेतल्यावर विचारावं तसं विचारलं, "दाराचं तुला कुणी सांगितलं?"



बोललेलं मग त्याच्याही कानात शिरलं. तो खाली बसला. अण्णांनी आयुष्यात अनेक भांडणं मिटवली होती. त्यांनी एकदा पुतण्याकडं पाहिलं, एकदा भावजयीकडं पाहिलं आणि मग जमिनीकडं पाहत राहिले. एवढा मोठा माणूस, पण त्या क्षणी प्रेरणाला तो पोत्यासारखा वाटला. त्यांना आजच कळलं असेल, किंवा आधीपासून माहीत असेल. तिला आता त्यानं फरक पडत नव्हता.

"त्याला घेऊन जावा," ती म्हणाली. "आन् उद्या मी काय सांगणार हाय ते ऐकायला पुढं येऊन बसा."

गाडी गेली. जाताना गुरुपाद मागच्या सीटवर उजवा हात मांडीखाली दाबून बसला होता.

७

प्रेरणानं पिशवी भरली. आईच्या जेवणाचं काय, गोळ्या कोण देणार, हे सगळं तिच्या डोक्यात येत होतं आणि ती ते लाथाडत होती. राहू दे एकटी. ज्याला एकटं मरायला सोडलं, त्याच्याबरोबर राहू दे.

आई सोप्यातून उठून आत गेली होती. प्रेरणा उंबरा ओलांडून बाहेर आली, चपला घातल्या, आणि सवयीनं पुढचं दार ओढायला फळीला हात लावला. तेव्हा तिला जाणवलं, की घराच्या आतून काहीच ऐकू येत नाही. भांडं नाही, आईचा खोकला नाही. आता सोप्यापर्यंत ते आलं होतं.

तिनं आत पाहिलं. सोप्याच्या पलीकडं, स्वयंपाकघराच्या तोंडाशी आई उभी होती. ती पुढं यायला बघत होती. एक पाऊल टाकत होती आणि तिथंच राहत होती. तिचा पदर मागं ताणला गेला होता. खांद्यापासून मागच्या अंधाराकडं सरळ, दोरीसारखा. त्याचं टोक कुणाच्या हातात आहे ते दिसत नव्हतं. पदर खाली उतरत उतरत, जमिनीपासून हातभर उंचीवर संपत होता.

गौराबाईनं मुलीकडं तोंड केलं. "प्रेरू," तिचे ओठ म्हणाले. "दार लावू नगंस."

फळी प्रेरणाच्या दोन बोटांत होती. जुनं सागवानी दार, पण बिजागऱ्यांना तेल दिलेलं. बोटं जराशी आत घेतली तरी सरकत होतं. इतकं हलकं असेल असं तिला वाटलं नव्हतं. ताकद लागत नाही याला. मन घट्ट करावं लागत नाही. नुसतं जरा कंटाळावं लागतं, जरा रागवावं लागतं, आणि नंतर उघडू असं म्हणावं लागतं. तिची बोटं फळीवर होती आणि फळी थोडीशी सरकलीही होती, हे तिनं स्वतः पाहिलं.

मग तिनं पिशवी खाली टाकली आणि चपलांसकट आत शिरली. आईचं कोपर धरलं आणि ओढलं. पदर आणखी ताणला. टरकन फाटला असावा, पण आवाज कुठून येणार? तो फाटला नव्हता. तो सोडला गेला. सावकाश. लहान मूल झोप लागल्यावर आईचा पदर सोडतं, तसा.

त्या क्षणी अंधारात खाली काहीतरी हललं. तिला कपाळ दिसलं की फरशीवरचा डाग, ते तिला आजही सांगता येत नाही. तिनं दुसऱ्यांदा बघितलं नाही.

दार उघडंच ठेवून त्या दोघी रस्त्यावर आल्या. शेजारच्या कारखान्यांतले माग एकदम कानावर आदळले. प्रेरणा पुढं चालत होती, आई मागून अनवाणी. स्टँड दिसू लागलं तसा गौराबाईचा आवाज आला. चिरकलेला, पण आवाज.

"मी दार लावलं."

प्रेरणा चालत राहिली.

"मला वाटलं भांडतील आन् गप बसतील. बापाच्या माघारी रोजचंच झालतं. वाटलं, गल्लीत तमाशा नगं. त्यो माझ्याकडं बघून बोलाय लागलता. मला वाचायचं नव्हतं, प्रेरू. मी तोंड फिरवलं आन्..."

"बास." प्रेरणा वळली. तिचा चेहरा रडल्यासारखा नव्हता. मऊ झालेला नव्हता. "मला सांगू नगंस. मी काय तुला माफ करायला आणलेली न्हाई."

"मग कशाला आणलीस?"

कोल्हापूरची गाडी वळण घेऊन स्टँडमध्ये शिरत होती. प्रेरणानं आईचा दंड धरून तिला गर्दीतून पुढं काढलं, पायरीवर चढवलं, खिडकीपाशी बसवलं. कंडक्टरनं घंटीची दोरी ओढली. मग ती आईच्या समोर वाकली. ओठ वाचायला लागू नयेत, इतक्या मोठ्यानं बोलली. पुढच्या सीटवरचे लोक वळून बघायला लागले.

"उद्या कोर्टात सांगायला," ती म्हणाली. "आन् तोंड उघडून सांग."